मुडदाघराला दार हवं

पाइपवाल्यांचा बोळ, सेंट ओसिथ पॅरिश, लंडन
१४ मार्च १८७४

विने,

हे पत्र शेगडीत टाकायच्या आधी निदान अर्धं तरी वाच. तीन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, यार्मथला जाऊन मासे खारवत बसलीस, तुझं तुला लखलाभ. मीही काही तुझ्या नावानं गळा काढत बसलेले नाही. दुकान चालू आहे, मेणबत्त्या, साबण, चहा सगळं खपतंय आणि माझी जीभही आहे तशीच आहे. पण आज मला कुणाशी तरी कडकडून भांडायचंय, आणि या बोळात भांडायचं त्राण कुणात उरलेलं नाही. म्हणून तुला लिहितेय.

लाल ताप आलाय. घसा सुजतो, अंगभर लाल पुरळ उठतं आणि चार दिवसांत लेकरू हातचं जातं, तोच. माझ्या वरच्या खोलीत फीबी लार्कम राहते, तू गेल्यावर आली ती. नवरा कातडी कमावायच्या कारखान्यात, पोरं पाच, खोली एक. मागच्या आठवड्यात सोमवारी तिचा नेड गेला. सहा वर्षांचा होता. दुकानात येऊन म्हणायचा, "मिसेस क्राउच, तुमच्या नाकाला पीठ लागलंय." मी पुसेपर्यंत साखरेचा खडा लंपास! मला सगळं दिसायचं गं. मुद्दाम हळूहळू पुसायचे मी.

आता ऐक. सोमवारी गेलेलं पोर रविवारपर्यंत घरातच. कारण रविवारशिवाय बापाला सुट्टी नाही, रविवारशिवाय मयताला माणसं जमत नाहीत, आणि माणसं जमली नाहीत तर चारचौघांत नाक कापलं जातं. घरात टेबल एकच. त्यावर नेडची पेटी. जेवायच्या वेळी पेटी पलंगावर, झोपायच्या वेळी पुन्हा टेबलावर. चार भावंडं त्याच खोलीत खातायत, झोपतायत. वर बोळातली सगळी पोरं रांगेनं आत. मेलेल्याच्या कपाळाला हात लावला नाही तर तो स्वप्नात येतो, असं आपल्याकडे सुइणीपासून पाद्र्यापर्यंत सगळे मानतात. तू आणि मीही लावला होता, आजोबांच्या वेळी.

डॉक्टर पेल आले. पॅरिशचे आरोग्य अधिकारी, ज्यांना तू 'कावळा' म्हणायचीस तेच. टोपी काढून जिन्यात उभे राहिले बिचारे. "मिसेस लार्कम, त्याला आजच शवागारात नेऊ द्या. ताप त्याच्या अंथरुणात आहे, कपड्यांत आहे. बाकीच्या चौघांचा विचार करा." फीबीनं दार लावून घेतलं. मग मी गेले मध्यस्थी करायला, शहाणी! तर मला म्हणते, "तुम्ही तुमच्या आईला पाठवलंत ना तिथं? मग झालं तर. तुम्हाला पोटचं पोर नाही, तुम्हाला काय कळणार!"

लागलं मला, विने. खोटं कशाला सांगू?

रविवारी नेडला पुरला. गुरुवारी सूझन गेली. मी हे लिहितेय तेव्हा ती माझ्या डोक्यावर आहे, वरच्या खोलीत, त्याच टेबलावर, आणि उद्यापर्यंत तिथंच असणार. आता फीबीची तीन उरलीत. रोझ, जो आणि धाकटी किटी. ही तीन मी जाऊ देणार नाही. फीबी मला शिव्या घालू दे, तू आणखी तीन वर्षं तोंड शिवून बस, पण ही तीन मी जाऊ देणार नाही.

तुझी थोरली बहीण (तुला आवडो न आवडो),
टॅबिथा


२ एप्रिल १८७४

विने,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, त्यामुळे माझा काही अपेक्षाभंग वगैरे झालेला नाही. पोस्टमनला मी दोनदाच विचारलं.

ताप ओसरला. पॅरिशचा कारभार बघणाऱ्या समितीच्या कचेरीच्या दारावर डॉक्टर पेल दर शनिवारी कागद डकवतात, कोण कशानं गेलं त्याचा. मी वाचून आले. लाल ताप, क्षय, आचके, दात येणे. दात येऊन कुणी मरतं का गं? पण असतं लिहिलेलं. नुसत्या आपल्या बोळातली नऊ पोरं गेली लाल तापानं. तो कागद वाचता वाचता माझ्या डोक्यात आलं, की यात 'लाज' नावाचा रोग कुठेच नाही. आपली निम्मी पोरं त्यानंच गेली.

सांगते कसं ते. नवं शवागार बांधून चार वर्षं झाली. चांगलं आहे, चुना मारलेलं, फरशी घातलेली. रिकामं! नदीत सापडलेले बेवारशी सोडले तर कुणी तिथं जात नाही. समितीतली मोठी माणसं म्हणतात, लोक अडाणी आहेत. म्हणून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारलं, "का गं, मुडदाघर नको का म्हणता?" एकीनंही डॉक्टरला नावं ठेवली नाहीत. सगळ्यांचं एकच, "तिथं जायचं तर भिकारखान्याच्या फाटकातून जावं लागतं."

शवागार बांधलं ते भिकारखान्याच्या मागच्या अंगणात. दार आतल्या बाजूला. कारण काय, तर फाटकावर पहारेकरी आहेच, दुसऱ्या दाराला दुसरा कशाला! बांधकाम समितीचे मुख्य मिस्टर हॅकेट यांचं हे डोकं. आता तूच सांग. पॅरिशच्या तुकड्यांवर जगायला ज्या फाटकातून जिवंतपणी जावं लागू नये म्हणून माणसं उपाशी राहतात, अंगावरचं विकतात, त्या फाटकातून कोण आपलं लेकरू नेईल? बोळातली टारगट पोरं मागे ओरडत येतात, 'पॅरिशचा मुडदा, पॅरिशचा मुडदा!' शवागाराच्या मागची भिंत चर्चच्या गल्लीला लागून आहे. तिथं दार पाडलं की झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

डॉक्टरांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मिसेस क्राउच, मी हे चार वर्षं समितीला सांगतोय. माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही ओरडून बघा, तुमचा आवाज मोठा आहे." मी खूश झाले.

गेले मग हॅकेटकडे. खुर्चीत मावत नाही आता तो. म्हणाला, "बाई, मेलेल्याला काय कळतं दार कुठल्या बाजूला आहे ते?"

"मेलेल्याला नाही कळत साहेब, उचलणाऱ्याला कळतं."

"तुम्ही मेणबत्त्या विका."

"विकतेच आहे. तुमच्या डोक्यात उजेड पडेल एवढी मोठी मात्र अजून आलेली नाही." मग शिपायानं मला बाहेर काढलं. असो.

आणि आता जरा दात-ओठ आवळून लिहिते. आईला टायफस होता. तिला त्याच दिवशी हलवली नसती तर तू आणि मी आज नसतो, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण त्या फाटकातून नेताना तू रस्त्यात जे किंचाळलीस, ते चुकीचं नव्हतं. अर्धा वाद तू जिंकलीस. पुरे, जास्त मागू नकोस.

टॅबिथा


२७ एप्रिल १८७४

विने, विने, विने!

बस खाली. मासे ठेव बाजूला. तुला हे सांगायला कुणी नाही म्हणून माझा जीव फुटायला आलाय!

टॉलिडे आजी गेली. चर्चच्या कोपऱ्यावर कालवं विकणारी, तुझे केस ओढायची ती. एक्क्याऐंशी वर्षांची होती, छातीत कफ भरला. मी सूप घेऊन जात होते. डॉक्टर आले की त्यांना छळायची. "डॉक्टर, माझ्या कागदावर काय लिहिणार?"

"वयामुळे झीज, असं लिहितात, मिसेस टॉलिडे."

"झीज? मी काय जिना आहे होय? लिहा, कालवं विकून दमली."

डॉक्टर गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "टॅबी, तू त्या मुडदाघरावरून हॅकेटशी भांडलीस म्हणे. तिथं उंदीर आहेत?"

"नाहीत आजी."

"दिवा?"

"मी लावीन."

"रात्री एकटीला टाकाल मला."

"बायका बसतील पाळीपाळीनं. मी बसेन."

 मग म्हणाली, "तुझ्या आईला फाटकातून नेलं तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती. बघवेना." मी सुपाची वाटी खाली ठेवली. तीच पुढे म्हणाली, "माझ्या खाली चार पोरांची आई राहते. मी पाच दिवस वर पडून राहिले तर तिनं काय करायचं? मी जाते तुझ्या मुडदाघरात. पण त्या फाटकातून नाही. दोन नवरे पुरले, बर्फात उभी राहून कालवं विकली, पण ते फाटक ओलांडलं नाही. मेल्यावर ओलांडू?"

"मग जाणार कशी गं आजी?"

"भिंतीवरून," म्हणाली. आणि असं हसली, असं हसली, की खोकल्यानं जीव घाबरा झाला.

कल्पना तिचीच, हं. शिडीबद्दल मी आधी बोलून ठेवलं होतं असं कुणी तुला सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. फारसा ठेवू नकोस.

मंगळवारी गेली. बुधवारी सकाळी मासळीबाजारातले हमाल आले, सगळे तिची कालवं खाऊन मोठे झालेले. चर्चच्या गल्लीतून पेटी आणली, भिंतीला दोन शिड्या लावल्या, दोर बांधले. "हळू! डोकं तिकडे!" "अरे तिरकी झाली, आजी शिव्या घालेल!" आणि विने, टॉलिडे आजी भिंतीवरून गेली! आत डॉक्टर पेल किल्ली घेऊन उभे. टोपी काढून आकाशाकडे बघत म्हणाले, "मला काहीच दिसत नाहीये. दोर जरा डावीकडे घ्या." भिकारखान्याच्या खिडक्यांतून म्हातारे टाळ्या वाजवत होते.

चार रात्री आम्ही बायका तिथं बसलो. दिवा लावला, चहा केला, आजीच्या कागाळ्या केल्या. बघायला म्हणून आलेल्या बायका बसायला लागल्या. एकजण म्हणाली, "माझ्या घरापेक्षा इथं कोरडं आहे गं."

आणि काल रविवार. तिला बाहेर काढायची, तीही भिंतीवरूनच! अख्खा पॅरिश लोटला होता. काळे घोडे, डोक्यावर तुरे, पाद्रीबाबा पुस्तक धरून खोळंबलेले. हॅकेट पोलिसाला घेऊन धावत आला, तोंड बीटासारखं लाल. "हा काय तमाशा! फाटक उघडं आहे! फाटकातून न्या!"

मागून कुणीतरी ओरडलं, "तुम्हीच जा त्यातून, हॅकेटसाहेब! आत्तापासून सवय करा!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! पाद्रीबाबांनी तोंडासमोर पुस्तक धरलं, पण पुस्तक हलत होतं. पोलिसानं हॅकेटकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि शिडी धरायला गेला. लोक म्हणतात जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आजीची मेल्यावरही गेली नाही. भिंतीच्या माथ्यावर पेटी क्षणभर अडकली, तेव्हा माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बघतेय, किती माणसं जमली ते." मी हसता हसता रडले, भर रस्त्यात, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

मयतानंतर सगळ्यांना जेवायला हॅम होता, चांगला जाड कापलेला. पैसे कुणी दिले ते विचारू नकोस.

फीबी आली होती. कोपऱ्यावर उभी होती, किटीला कडेवर घेऊन. माझ्याशी बोलली नाही. पण शेवटपर्यंत थांबली.

तुझी,
टॅबी


३ जून १८७४

विने,

काल यार्मथहून एक पिंप आलं. धुरावलेले मासे, वर गवत, आत चिठ्ठी नाही. मी गवतसुद्धा विस्कटून पाहिलं. बरं, तुझ्या जिभेला अजून कुलूप असेल तर असू दे, मासे बोलले. अर्धे बोळात वाटले. फीबीच्या दाराशी चार ठेवून आले. दार वाजवलं नाही.

आता माझं ऐक. दार झालं!

मे महिन्यात समितीची निवडणूक असते ते तुला ठाऊकच आहे. विधवा असले तरी दुकानाचा कर मी भरते, म्हणून मलाही मत आहे. आजीच्या मयताचं गाणं झालं होतं तोवर. हॅकेट रस्त्यानं निघाला की पोरं विचारायची, "साहेब, शिडी आणू?" शेवटी स्वारी माझ्या दुकानात. टोपी काढून! साबणाच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, "मिसेस क्राउच, समिती त्या दारासंबंधी विचार करत आहे."

"समितीला विचार करायची सवय नाही, उगाच त्रास होईल. नुसती भिंत फोडा."

"आणि दार झाल्यावर हा शिड्यांचा प्रकार..."

"दार झाल्यावर शिडी कशाला? पण दाराबरोबर दिवा हवा. बसायला बाक हवं. आणि किल्ली माझ्या दुकानात राहील."

"किल्ली? बाईमाणसाकडे? दुकानात?"

"मध्यरात्री कुणाचं लेकरू गेलं तर ते भिकारखान्याच्या मुकादमाकडे जाणार नाहीत साहेब. माझ्याकडे येतील. मत माझं एकच आहे, पण या फळीसमोर रोज ज्या बायका उभ्या राहतात, त्यांच्या नवऱ्यांची किती होतात ते तुम्हीच मोजा."

बसला मोजत. घाम फुटला त्याला. जाताना साबणाची वडी विकत घेऊन गेला, तीही भाव न करता.

परवा भिंत फोडली. पहिला घाव हमालांनी घातला, त्यांनीच, ज्यांनी आजीला वर चढवली होती. धूळ उडाली आणि चर्चच्या गल्लीतून सरळ आतली फरशी दिसली. डॉक्टर पेल माझ्याशी हात मिळवायला आले आणि हातच सोडेनात. हॅकेटनं भाषण केलं की हे दार म्हणजे त्याचं कित्येक वर्षांचं स्वप्न. लोक माझ्याकडे बघायला लागले, आता ही काय बोलते म्हणून. मी टाळ्या वाजवल्या. दार कुणाच्या का नावावर असेना, उघडतं ते चर्चच्या गल्लीत. हिरवा रंग दिलाय. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात आहे आणि चालताना मांडीला लागते. मी मुद्दाम जोरात चालते.

पण तुला म्हणून सांगते. दार झालं, अजून त्यातून कुणी गेलं नाही. म्हातारी बाई भिंतीवरून जाते तेव्हा जत्रा असते. आपलं लेकरू त्याच दिवशी कुशीतून उचलून द्यायचं, ते निराळं. फीबीची तिघं आत्ता खाली अंगणात खेळतायत. किटीचे दात पडायला लागलेत. थंडी पडली की ताप परत येणार, डॉक्टर म्हणाले. तेव्हा खरं कळेल.

टॅबी


११ ऑक्टोबर १८७४

विने,

ताप आला. आणि आला तोही फीबीच्या समोरच्याच खोलीत, एका जिन्यावर. एम्स नावाचं कुटुंब. त्यांचा अल्बर्ट काल पहाटे गेला. मागे चार भावंडं आहेत त्याला, आणि पॅसेजच्या पलीकडे फीबीची तिघं.

मी किल्ली घेऊन वर गेले. मिसेस एम्सनं तोपर्यंत टेबल पुसून चादर घातली होती. खाली बातमी पसरली होती आणि पोरं जिन्यावर रांगेत उभी राहायला लागली होती, हात लावायला. मी म्हणाले, "मिसेस एम्स, दार चर्चच्या गल्लीत आहे, कुणी बोट दाखवणार नाही. दिवा आहे. मी बसते त्याच्याजवळ, रविवारपर्यंत उठत नाही." ती ऐकेना. "पहिल्याच दिवशी घराबाहेर काढू त्याला? नकोसा होता काय तो?" मी काय बोलणार? पोटचं पोर नसलेली बाई मी. ते ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

तेवढ्यात पॅसेजपलीकडचं दार उघडलं आणि फीबी बाहेर आली.

आधी तिनं जिन्यावरच्या पोरांकडे पाहिलं. "खाली व्हा. सगळी. कुणी हात लावायचा नाही."

एक पोरगी म्हणाली, "पण मग तो स्वप्नात येईल, मिसेस लार्कम."

"येऊ दे. माझ्या नेडला तुम्ही सगळ्यांनी हात लावलात, मी लावला, सूझननं लावला. तरी दोघं रोज येतात माझ्या स्वप्नात. आणि आली नाहीत त्या दिवशी मला सकाळी उठवत नाही. येऊ दे त्याला. चांगलं पोर होतं." मग ती मिसेस एम्सच्या समोर जमिनीवर बसली, तिचे गुडघे धरून. "माझ्या टेबलावर नेड सहा दिवस होता. मला वाटलं, मी त्याला जपतेय. आणि सूझन त्याच टेबलावर जेवत होती. मला कुणी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं. मी दार लावून घेतलं. तू लावू नकोस गं बाई. दे त्याला. आपण दोघी नेऊ. मी डोक्याकडून धरते."

 मग मिसेस एम्स उठली आणि अल्बर्टची टोपी शोधायला लागली. बाहेर थंडी आहे म्हणाली.

दोघींनी नेलं. मी पुढे किल्ली घेऊन. चर्चच्या गल्लीत माणसं उभी राहिली, टोप्या काढल्या. ते टारगट ओरडणं नाही, काही नाही. हिरव्या दारातून अल्बर्ट एम्स आत गेला, जेवायच्या वेळेच्या आधी. डॉक्टरांनी त्याचं अंथरूण जाळलं, खोलीत गंधक पेटवलं.

आज दुपारी त्याला पुरला. रविवारच होता, सगळ्यांना येता आलं. परतल्यावर फीबी दुकानात आली. सात महिन्यांनी. म्हणाली, "मिसेस क्राउच, रोझचा घसा दुखतोय."

विने, मला आज पुढे लिहवत नाही.

टॅबी


६ नोव्हेंबर १८७४

विने,

तुझं पत्र मिळालं. साडेतीन वर्षांनी आलं आणि त्यात ओळ एकच. 'फीबीची तिघं कशी आहेत?' ना मायना, ना सही. तुझ्या अक्षरातला 'क' अजून पालथा पडतो. मी ते पत्र फळीखाली ठेवलंय आणि गिऱ्हाईक नसलं की काढून वाचते. एका ओळीला कितीसा वेळ लागतो!

सांगते. रोझला लाल तापच होता. डॉक्टर म्हणाले, ताप-रुग्णालयात पाठवा, म्हणजे जो आणि किटी सुटतील.  फीबीनं एकच विचारलं, "गाडी कुठल्या दाराशी लागेल?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या." तिनं स्वतः रोझला शालीत गुंडाळून गाडीत ठेवलं. गाडी वळेपर्यंत ताठ उभी होती, आणि मग माझ्या अंगावर कोसळली. मी तिला तसंच धरून दुकानात बसले. गिऱ्हाइकांना म्हटलं, आज हवं ते स्वतः घ्या. कुणी एक मेणबत्तीसुद्धा जास्त नेली नाही.

जोला काही झालं नाही. किटीला काही झालं नाही. एम्सची चारही धडधाकट. आणखी दोन घरांत ताप शिरला. त्या दोन्ही घरांतले लोक किल्ली मागायला आपणहून आले, मला वर चढावंही लागलं नाही. मार्चमध्ये या बोळातून नऊ गेली होती, या खेपेला तीन. तीनही कमी नाहीत, मला ठाऊक आहे, प्रत्येकाचं नाव ठाऊक आहे. पण डॉक्टर पेल कागद डकवायला आले तेव्हा हातोडी खाली ठेवून तिथंच उभे राहिले, आणि मला म्हणाले, "मिसेस क्राउच, एकदा मोठ्यानं वाचा ना. तुमचा आवाज मोठा आहे." मी वाचलं. भर रस्त्यात, आनंदानं ओरडून वाचलं मी मृत्यूचा कागद! लोक म्हणाले असतील, म्हातारी चळली.

हॅकेट म्हणे आता दुसऱ्या पॅरिशांना दारांवर व्याख्यानं देतो. देऊ दे. साबण माझ्याकडूनच नेतो.

रोझ मंगळवारी घरी आली. डोकं भादरलेलं, गाल बसलेले, भूक राक्षसासारखी.

आणि काल पाच नोव्हेंबर, त्या जुन्या राजद्रोह्याला जाळायचा दिवस. पोरं दरवर्षीसारखी जाळायचं बुजगावणं ओढत दारोदार पैसे मागत गाणी म्हणत हिंडत होती. तुला माहीत आहे मला तो गोंधळ खपत नाही. दरवर्षी वरून पाणी ओतते मी त्यांच्यावर. संध्याकाळी दुकानाबाहेर एक बुजगावणं आलं, ढेरपोट्या, पुठ्ठ्याची उंच टोपी घातलेलं, काखेत काटकीची शिडी. मी खिडकीशी गेले. अंधारात चेहरे दिसेनात, पण गाणं ऐकू आलं. एक जाड आवाज, जोचा. एक सर्दाळलेला, तो रोझचा. आणि समोरचे दात पडलेली किटी, तिला निम्मे शब्द म्हणताच येत नव्हते. तीन आवाज, तीन दिशांना.

मी खिडकी उघडली. पोरं दचकून मागे सरली, पाणी पडणार म्हणून. मी ओरडले, "ऐकू येत नाहीये! जोरात म्हणा!"

तर विने, तू विचारलंस ना कशी आहेत? बेसूर आहेत. तिघंही.

टॅबी